अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात भूत दाखवतो म्हणाला, ९६,००० घेऊन गेला

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे हसणाऱ्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. माणशी ७,५०० प्रमाणे सहा जणांचे ४५,०००. 'पुरातत्त्वची रात्रीची परवानगी' म्हणून १२,०००. यंत्रांचं डिपॉझिट, परत मिळणारं म्हणे, १८,०००. आणि पहाटे तीन वाजता २१,०००. ते कशाचे होते ते लिहिताना आजही कान गरम होतात. एकूण ९६,०००. सगळे माझ्या एकट्याच्या खात्यातून गेले, कारण "ग्रुप लीडर नाना तुम्हीच" असं त्याने दुसऱ्याच फोनला ठरवून टाकलं होतं. तुमच्यातलाही एक नाना असाच हेरला जाईल. त्यानंतर ओरडायचं त्यानेच, भरायचं त्यानेच आणि बाकीच्या पाचांचे पैसे घरोघरी जाऊन परत करायचेही त्यानेच.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. बावीस वर्षं झाली. भुताखेताला मी मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो. भाच्याने मोबाईलवर त्या माणसाचे व्हिडिओ दाखवले. अंधारातली तटबंदी, लाल दिवे, कुजबुज. साडूचा कापूस नुकताच विकला गेला होता, हातात पैसा होता, पोरांनी समुद्र पाहिला नव्हता. म्हटलं, चला, भूत नाही दिसलं तर समुद्र तरी दिसेल. यात माझं काय चुकलं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही. हसलेत मात्र सगळे.

त्याची माहिती पक्की होती, हे कबूल करतो. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले आणि कान्होजी आंग्र्यांपुढे हात हलवत परत गेले, हे त्याने असं रंगवून सांगितलं की गाडीतली पोरं गप्प झाली. हे खरंच घडलेलं आहे, नंतर मी तपासलं. पण 'त्या सैनिकांचे आत्मे अमावास्येला तटावर फिरतात' हे त्या खऱ्याच्या पाठीवर बसून आलं आणि आम्ही दोन्ही एकाच घासात गिळलं.

परवानगीची पावती त्याने व्हॉट्सॲपवर पाठवली होती. निळा शिक्का, वळणदार सही, 'महाराष्ट्र शासन'. कुलाबा किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि तो सूर्योदय ते सूर्यास्त एवढाच उघडा असतो. पंचवीस रुपयांचं तिकीट काढून कोणीही दिवसा जावं. रात्रीची पावती दाखवणाऱ्याला पहिलं विचारा, दरवाजा उघडणार कोण.

आता ती वेळ. पत्रकावर छापलेली, माझ्या डोळ्यांसमोर पंधरा दिवस असलेली: कार्तिकी अमावास्या, रात्री बारा वाजता किल्ल्यात पायी प्रवेश.

कुलाबा अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे. ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं, भरतीला मध्ये समुद्र. आम्ही तापीकाठची माणसं, आमचं पाणी एकाच दिशेने वाहतं. साडेचारशे किलोमीटर गाडीत हाडं खिळखिळी करून बाराला किनाऱ्यावर उतरलो, तर समोर नुसतं काळं पाणी, किल्ल्याचा पत्ता नाही. तो जागच्या जागी थबकला. हात वर करून आम्हाला थांबवलं आणि हलक्या आवाजात म्हणाला, "आज ते आपल्याला येऊ देत नाहीयेत." साडूने माझा दंड धरला. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, एक पाऊल मागे सरलो.

सकाळी टपरीवर एका कोळीबाबांनी चहा पिता पिता हिशोब सांगितला. "तिथीची पाऊणकी करायची, म्हणजे तिथीच्या आकड्याची पाऊणपट, येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन. अमावास्येला पंधरा धरा." पंधरा पाऊणे सव्वाअकरा! गुरुजींनी बोटांवर पट्टी मारून पाठ करून घेतलेली पाऊणकी, आणि ती मला समुद्राने शिकवावी? रात्री बाराला तिथे पाणी असणारच होतं. त्या माणसाला भरती चुकली नव्हती. त्याने अमावास्या भुतांसाठी निवडलीच नव्हती, भरतीसाठी निवडली होती. किल्ल्यात न्यायचंच नव्हतं त्याला, पण न नेण्याचं कारण फुकट मिळत होतं. वर बारा हजार परवानगीचे! दाते पंचांग दुकानात खिळ्याला टांगलेलं आहे, रोज त्याच्याकडे बघून दिवाबत्ती करतो मी. चार पानं उलटून तिथी बघितली असती आणि कोकणातल्या कोणालाही एक फोन केला असता, तर ९६,००० वाचले असते. जाणारा कोणी असेल तर भरती-ओहोटीची वेळ स्वतः काढा, असल्या सहलवाल्यांच्या तोंडून ऐकू नका.

किल्ला नाही म्हणून मग 'शक्ती जिथे सरकली आहे' तिथे, म्हणजे नारळाच्या वाडीतल्या एका पडक्या घरात नेलं. तिथे यंत्रं निघाली. एका मीटरला पाच दिवे, हिरव्यापासून लालपर्यंत. आत्मा जवळ आला की लाल. अहो, ते चुंबकीय क्षेत्र मोजतं! चालू मोटारीजवळ धरलं तर माझ्या दुकानात दिवसभर लालच राहील. दुसरं यंत्र म्हणजे कोरोनात कपाळावर धरायचे तेच पिस्तूल. ते समोरच्या भिंतीचं तापमान दाखवतं, हवेचं नाही. ओलीगार भिंत, त्यावर रोखलं, आकडा उतरला, पोरं शहारली.

आणि मला दिसत होतं. मीटर त्याच्या उजव्या हातात होता. डावा हात जाकिटाच्या खिशात गेला की दिवे लाल. हात बाहेर आला की हिरवे. तीनदा पाहिलं मी. जळालेल्या मोटारीच्या नुसत्या वासावरून कॉइल कुठे उडाली ते सांगणारा माणूस मी, आणि तिथे तोंडातून शब्द फुटला नाही. पाच जण बघत होते, सगळ्यांना मीच आणलं होतं. अशा वेळी 'हे खोटं आहे' म्हणणं म्हणजे 'मी गाढव आहे' म्हणणं, दुसरं काय?

मग तो खरखरणारा डबा. रेडिओच आहे तो, भराभर स्टेशनं बदलत राहतो, मध्येच तुटके शब्द येतात. त्यातून आलं, "नाना... माझं काम राहिलं आहे." माझा मोठा भाऊ चार वर्षांपूर्वी गेला. आमच्याकडे गर्दीत 'नाना' म्हणून हाक मारली तर चौघं मागे वळतात, हे एरवी मला माहीत आहे. पण रात्री तीनला माहीत असलेलं कामाला येत नाही. बाधा समुद्रात सोडायला हवी, आत्ताच, २१,०००. पाठवले.

घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "भाऊजी असं बोलतीन का?" तिचं बरोबर होतं. आमचा भाऊ जन्मात असं पुस्तकी बोलला नाही. तो असता तर म्हणाला असता, "नान्या, कथा चालना रे भो?" म्हणजे, कुठे चाललास रे भाऊ. त्या वाक्यासाठी मी कदाचित आणखी दिले असते, ते जाऊ द्या. भावाचं त्याला कळलं कसं? गाडी त्याची, ड्रायव्हर त्याचा, आणि इगतपुरीपर्यंत आम्ही दुसरं बोललो काय! परक्याच्या गाडीत घरातलं बोलू नका.

सामान आणतो म्हणून तो यंत्रांसकट गेला. गाडीही गेली. आम्ही सकाळी ओहोटीला पंचवीस रुपये देऊन खरा कुलाबा पाहिला, आतल्या गणपतीला हात जोडले, चारी बाजूंनी समुद्र असून गोड्या पाण्याची विहीर पाहिली. तीन एसट्या बदलून घरी आलो.

आता पोलीस ठाण्याचं. कुठलं ते लिहीत नाही, पुन्हा तिथेच जायचंय मला. पहिला प्रश्न: "मग दिसलं का भूत?" मागची दोन टेबलंही हसली. दुसरा: "घडलं कुठे? मग तिकडे जा." झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घ्यावा लागतो, हे मी म्हटल्यावर, "वकील आहात का?" सोमवारी या. सोमवारी साहेब बंदोबस्ताला. गुरुवारी सहाही जणांचे वेगवेगळे जबाब हवेत. सहा जण आणले तर "दिवाणी बाब आहे, पैसे तुम्ही स्वतः पाठवले." २१,००० साठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा लागतो का विचारलं, तर "तो बुवाबाबांसाठी." तो माणूस दुसरा कोण होता मग? जाकीट घातलं म्हणून बुवा नाही? बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचं पत्र आणा. माझी झेरॉक्सच २४० रुपयांची झाली. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तो तिसऱ्या दिवशी, लाजेपायी. तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. तो फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो, लाज नंतर वाटून घ्या. चॅट पुसू नका. मी रागाने अर्धं पुसलं आणि आता तेच मागतायत.

परवा भाच्याने त्याचं नवं पत्रक दाखवलं. नंबर नवा, नाव नवं, किल्ला तोच. मध्यभागी फोटो आहे: पडक्या भिंतीसमोर एक माणूस, तोंड उघडं, टॉर्च उलटा धरलेला. स्वेटर माझा आहे. खाली लिहिलंय, 'प्रत्यक्ष अनुभव घेतलेले नाना'. तारीख येत्या अमावास्येची. वेळ रात्री बारा.