पेल्यातलं मेमरी कार्ड घेऊ नका

लग्नसराई तोंडावर आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर भागातल्या स्टुडिओंतून एक माणूस फिरतो. पाठीला काळी बॅग, बोलणं कोल्हापुरी, समोरचा कन्नडवाला निघाला तर कन्नडही फर्डं. व्हिडिओ कॅमेऱ्याची मेमरी कार्डं विकतो. आपल्या भागातल्या शूटिंगवाल्यांनी, त्यातही एकाच कॅमेऱ्यावर ऑर्डरी करणाऱ्यांनी सावध व्हावं म्हणून हे लिहितोय. माझे चौदा हजार गेले ते गेलेच, पण एका घरचा मुहूर्तही गेला.

त्याची विकायची तऱ्हा ऐका. आत आल्या आल्या पाणी मागतो. अर्धं पितो आणि उरलेल्या पेल्यात कार्ड टाकतो. चहा येईपर्यंत ते बुडालेलंच. मग बाहेर काढून शर्टाला पुसायचं, दोन फुंकरा मारायच्या, स्वतःच्या रीडरमध्ये घालायचं आणि आपल्याच कॉम्प्युटरवर क्लिप लावून दाखवायची. "दगड आहे दगड, अण्णा! गाडीखाली घाला, वाकवून बघा. काय होतंय का?" दुकानातली पोरं खूश. १२८ जीबी, व्ही ६० हा वेगाचा शिक्का, लेबल नामांकित कंपनीचं, भाव दुकानापेक्षा तीसएक टक्क्यांनी खाली, वर छापील बिल. चार कार्डं घेतली.

पेल्याच्या खेळात खोटं काही नव्हतं, हीच तर मेख. कॅमेऱ्यात नसलेलं कार्ड पाण्यात पडलं आणि नीट वाळलं तर बहुतेक वेळा चालतंच. तेवढ्यावरून कळतं ते कवच कसं आहे एवढंच. कार्डाचं आयुष्य ठरतं आतल्या चिपवर. फ्लॅश चिपमध्ये नवं लिहायचं तर आधी तो भाग पुसावा लागतो आणि दर पुसण्याला सेलमधला विद्युतरोधक थर थोडा झिजतो. टीएलसी चिपा, म्हणजे एका सेलमध्ये तीन बिट ठेवणाऱ्या, साधारण हजार ते तीन हजार वेळा पुसणं-लिहिणं सोसतात. कार्डातला कंट्रोलर ही झीज सगळीकडे सारखी वाटतो, मेलेले भाग बाजूला काढून राखीव भाग कामाला लावतो. राखीव संपत आले की कार्ड मध्येच अडखळायला लागतं. बाहेरून मात्र ते पहिल्या दिवसासारखंच चकचकीत दिसतं आणि पेल्यात बुडवलं तरी चालतं.

खानापूर तालुक्यातलं लग्न होतं. सकाळपासून सगळं सुरळीत. अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि शेवटच्या मंगलाष्टकाला कॅमेऱ्यानं रेकॉर्डिंग आपणहून बंद केलं. स्क्रीनवर कार्डाचा एरर. कार्ड बदलून कॅमेरा परत चालू होईपर्यंत ताशा वाजला होता, अक्षता पडून गेल्या होत्या. घरी येऊन कॉपी मारायला घेतलं तर त्याआधीच्या बऱ्याच क्लिपाही अर्ध्यावर तुटत होत्या. सोबतच्या पोरानं स्टेजच्या बाजूनं घेतलेलं वाइड फुटेज आणि पाहुण्यांचे मोबाइल, त्यावर कसंबसं जुळवलं. मुलीच्या वडिलांना पैसे परत देतो म्हटलं तर म्हणाले, "पैसे नकोत हो, मुहूर्त तेवढा काढून द्या की."

त्याला फोन केला. आधी उलट आमच्यावरच आला. "४के करताय नव्हं? मग कार्ड झिजतंय की." हे बोलणं तो सगळीकडे ठेवून देणार, म्हणून हिशेबच मांडतो. आम्ही सेकंदाला १०० मेगाबिटवर ४के करतो, आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. १२८ जीबीचं कार्ड भरायला पावणेतीन तासांहून जास्त लागतात. एका लग्नात ते दोनदा भरलं असं धरलं आणि टिकाऊपणा सगळ्यात कमी, हजार वेळांचाच, धरला तरी पाचशे लग्नं व्हायला पाहिजेत. आमचा सीझन अजून अर्धाही झाला नव्हता. शिवाय व्ही ६० म्हणजे सेकंदाला किमान ६० एमबीचा वेग सलग मिळण्याची हमी. ते कार्ड साडेबारालाच बसलं! एखादं कार्ड कारखान्यातूनच खराब निघतं, ते मान्य. पण पुढच्या आठवड्यात दुसरंही तसंच गेलं. त्यानंतर त्याचा फोन बंद.

खरी गोष्ट बाहेर आली ती हुबळीला एका रिकव्हरीवाल्याकडे, म्हणजे कार्डातला गेलेला डेटा काढून देणाऱ्याकडे. मुहूर्त मिळेल या आशेनं पहिलं कार्ड दिलं होतं. मुहूर्त मिळाला नाही, पण त्यानं मला शेजारी बसवून जे काही सापडलं ते दाखवलं. आमच्या तुटक्या क्लिपांच्या मधून मधून एक साखरपुडा. गुलाबी पडदे, खुर्च्यांना मागे रिबिनी, स्टेजवरच्या बोर्डावर गुजराती अक्षरं. माणसं कोण, गाव कुठलं, काही पत्ता नाही. क्लिपची तारीख मी कार्ड घेतलं त्याच्या दोन वर्षं आधीची. कॅमेऱ्यातला नेहमीचा फॉरमॅट बहुतेक वेळा फक्त यादी पुसतो, खालचा माल वर काही लिहिलं जाईपर्यंत तसाच पडून असतो. त्यामुळे पुरावा कार्डातच राहिला होता. घरी येऊन उरलेली दोन तपासली. एकात कुठल्या तरी शाळेचं गॅदरिंग, दुसऱ्यात सलग कंपनीच्या मीटिंगा. सगळी वापरून वापरून पिळलेली कार्डं, नवं लेबल लावून नव्या पाकिटात घातलेली.

म्हणून एक सांगतो, जे सहसा कुणी सांगत नाही. नवं कार्ड घेतलं की सगळे एचटूटेस्टडब्ल्यू किंवा एफ३ हे कार्डाची जागा तपासणारे प्रोग्राम चालवा म्हणतात. चालवाच. ३२ जीबीची चिप घालून १२८ दाखवणारी बनावट कार्डं त्यात लगेच पकडली जातात. पण जुनं कार्ड त्यात पास होऊ शकतं, कारण त्याची जागा खरोखरच १२८ असते. आणि ही चाचणी अख्खं कार्ड भरून टाकते, म्हणजे जुन्या मालकाचा मागही आपल्याच हातानं पुसला जातो. तेव्हा आधी फोटोरेक चालवा, पुसलेल्या फायली शोधून काढणारा प्रोग्राम. फुकट आहे, विंडोजवर चालतं. कोऱ्या कार्डात त्याला एकही फाइल सापडता कामा नये. कुणाचं बारसं सापडलं तर कार्ड जुनं, विषय संपला. काही सापडलं नाही तर मग ती जागेची चाचणी लावा. काही कंपन्या आपल्या कार्डाचं उरलेलं आयुष्य दाखवणारं सॉफ्टवेअर देतात, प्रोग्रेडचं रिफ्रेश प्रो त्यातलंच, पण ते त्या त्या कंपनीच्या कार्डापुरतं.

डोळ्यांनी बघायचं ते सोनेरी पट्ट्यांकडे. आमच्या चारही कार्डांवर बारीक उभ्या रेघांचं जाळं होतं, दिवा तिरका धरला की स्वच्छ दिसायचं. बाजूची लॉकची खिटी सैल. आणि पाकीट! बाहेरून आलेल्या मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना आणि वर्ष छापावं लागतं, २०११ चे पॅकबंद वस्तूंचे नियमच आहेत तसे. आमच्या पाकिटावर यातलं काही नव्हतं, होता तो 'लाइफटाइम वॉरंटी'चा सोनेरी स्टिकर. अस्सल वॉरंटी असली तरी तीत फार तर कार्ड बदलून मिळतं, फुटेज नाही.

बिलावरचा जीएसटी नंबर बघायला अर्धा मिनिट लागतो. पहिले दोन आकडे राज्याचे. कर्नाटक २९, महाराष्ट्र २७. याच्या बिलावर पत्ता कोल्हापूरचा आणि नंबर २४ नं सुरू, म्हणजे गुजरातचा. जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द. यूपीआयचे पैसे गेले ते तिसऱ्याच नावावर.

जाताना तो हसून म्हणाला होता, "काय झालंच तर कोल्हापूरला या." सीमेअलीकडचा माणूस कोर्टकचेरीसाठी पलीकडे जाणार नाही, हा त्याचा अंदाज. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार देता येते. मालाची किंमत पाच लाखांच्या आत असली तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही असं कुणी सांगेल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला त्यातून सूट आहे, तेव्हा एकट्यानं कॅमेरा चालवणाऱ्यानं तक्रारीत ते स्पष्ट लिहावं. आधी विचारायचं असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ऑनलाइन पैशाची फसवणूक असेल तर १९३०, आणि तिथं जेवढ्या लवकर फोन तेवढं बरं.

मी बेळगावात तक्रार दिली आहे. चिकोडीच्या आणि निपाणीच्या दोघांनी सांगितलं की पेलेवाला त्यांच्याकडेही येऊन गेला. एकाच प्रकारे फसलेल्यांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. तेव्हा अशी कार्डं ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती फॉरमॅट करू नका. बिल, पाकीट आणि पैसे गेल्याचा मेसेज, तिन्ही जपून ठेवा.