नवी अल्टो की वापरलेली वॅगनआर?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका शिक्षकमित्रापुढे नवी अल्टो के-१० आणि काही वर्षे वापरलेली वॅगनआर असे दोन पर्याय आहेत. खर्चात वापरलेली गाडी सरस ठरते, कारण एकरकमी रस्ता कर आणि सुरुवातीची मोठी किंमतघट पहिल्या मालकाने सोसलेली असते. शिवाय जागा ऐसपैस मिळते. टिकाऊपणाबाबत मात्र कोल्हापुरात विशेष दक्षता हवी: २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत बुडालेली गाडी स्वच्छ करून विकायला येऊ शकते, म्हणून आसनांच्या रुळांवरील गंज, पूर्ण ओढलेल्या सीटबेल्टवरील गाळाचे डाग आणि विमादाव्यांचा इतिहास पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. नव्या गाडीला वॉरंटी असते. तपासणीला सवड नसलेल्याने नवी अल्टो घ्यावी. मोठे कुटुंब आणि विश्वासू मेकॅनिक असलेल्यास वॅगनआर योग्य.