लग्नाचे फोटो कृष्णधवल: लातूरमधील एका स्टुडिओचे काम

बहिणीच्या लग्नातील निवडक फोटो आम्ही लातूरमधील एका लहान स्टुडिओकडून कृष्णधवल करून घेतले. फोटोतील रंग नुसते काढून टाकले, तर आपल्याकडच्या लग्नाचे मोठे नुकसान होते. लाल पैठणी आणि हिरवा चुडा डोळ्यांना कितीही वेगळे दिसले, तरी त्यांची उजळता सारखी असेल तर दोन्ही एकाच राखाडी छटेत मिसळून जातात. या स्टुडिओने लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधील रंगांच्या पट्ट्या (एकेका रंगाची उजळता कमी-जास्त करणारे स्लायडर) वापरून लाल किंचित गडद आणि हिरवा उजळ केला, त्यामुळे बांगड्या पदरावर सुट्या दिसतात. त्वचेची छटा बहुतांशी नारिंगी पट्टीवर अवलंबून असते; तिला त्यांनी जवळजवळ हात लावला नाही आणि नवरीचा सावळा चेहरा सावळाच राहू दिला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

मंडपातील पिवळे दिवे आणि निळसर एलईडी यांच्या मिश्र प्रकाशाने बिघडलेले फोटो या रूपात खरोखर सावरले. अक्षता पडतानाचा फोटो तर संग्रहातील सर्वोत्तम ठरला आहे.

हळदीचे फोटो मात्र रंगीतच ठेवायला हवे होते, कारण पिवळा रंग फिकट राखाडी होतो आणि गालावरची हळद दिसेनाशी होते. हे स्टुडिओने आधी सांगायला हवे होते. छपाईतही ट्यूबलाइटखाली हिरवट झाक जाणवते. काम देताना रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) जरूर द्यावी, कारण जेपीईजी या नेहमीच्या फोटो-फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या उजळतेच्या केवळ 256 पायऱ्या असतात आणि गडद भागात पट्टे उमटू शकतात.