ज्या इंजिनाला वॉटर पंपच नाही, त्याच्या नव्या वॉटर पंपाचे 18,500 रुपये

बिल समोर ठेवूनच लिहितोय. हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या झाकणाखालची, म्हणजे हेडखालची सील) आणि फेसिंग 14,000, नवीन वॉटर पंप 18,500, थर्मोस्टॅट 6,000, इंजिन सर्व्हिस 11,000, मजुरी 12,000. एकूण 61,500. साध्या कागदावर निळ्या पेनाने लिहिलेलं, ना शिक्का ना जीएसटी नंबर. दोन नवे प्लग सोडले तर यातलं एकही काम झालेलं नव्हतं. हे मला कळलं ते बोट भर पाण्यात बंद पडल्यावर, नऊ वर्षांचा भाचा सोबत असताना. आमच्या ओळखीत आणखी दोघांनी अशा जुन्या जेट बोटी बघून ठेवल्यात, म्हणून सगळं सविस्तर सांगतो.

माझी बहीण करमाळा तालुक्यात दिली आहे, उजनी धरणाच्या बॅकवॉटरकाठी. दाजींची थोडी जमीन पाण्याच्या पलीकडे आहे. उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपला, की पाणी मागे सरकतं, काठाला चिखल, बुडालेली झुडपं आणि मासेमारीची जाळी उघडी पडतात. पंख्याची बोट अशा उथळ पाण्यात सारखी अडकते. जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. ती तळातल्या जाळीतून पाणी ओढते आणि मागून जोरात फेकते. म्हणून आम्ही मालवणहून दोन सिलिंडरची लहानशी जुनी जेट बोट 2,40,000 रुपयांना आणली. विकणारा माणूस सरळ होता, हे मुद्दाम सांगतो.

एप्रिलमध्ये तिचा बझर, म्हणजे इंजिन तापल्याचा इशारा देणारा भोंगा, वाजायला लागला. पाच मिनिटं चालली की वाजायचा, बंद करून थांबलं की गप्प. बोटीच्या कडेला एक छोटं भोक असतं, इंजिनातून फिरून आलेलं पाणी तिथून धारेने बाहेर पडतं. ती धार करंगळीएवढी असायची, ती सुतासारखी बारीक झाली होती. खरं तर दुखणं तिथेच दिसत होतं. पण मला त्या धारेचा अर्थ माहीत नव्हता.

बोट ट्रेलरवर चढवली आणि टेंभुर्णी, मोहोळ करत भर उन्हात सोलापूरला आणली. शहराच्या एका टोकाला एक गॅरेजवाला बोटींचीही कामं करतो असं ऐकलं होतं. त्याने इंजिन एकदा चालू करून बंद केलं आणि म्हणाला, "मालक, हेड गॅस्केट उडालंय. वॉटर पंप बी गेलाय. गाडीसारखंच असतंय ओ हे, पाणी फिरलं नाही तर इंजिन सीझ हुतंय."

माझा स्वतःचा टेम्पो आहे. गाडीचं हेड गॅस्केट, वॉटर पंप, थर्मोस्टॅट ही नावं मला पाठ. त्यामुळे त्याचा एकही शब्द मला खटकला नाही. त्याने माझ्या त्या माहितीचाच फायदा घेतला.

आठ दिवसांनी बोलावलं. नळाचा पाइप बोटीला जोडला, आधी नळ सोडला आणि मग इंजिन चालू केलं. दहा मिनिटं चालवलं. माझा हात धरून इंजिनच्या डोक्यावर टेकवला. "बगा, गार आहे का नाही?" खरंच कोमट होतं. बझर एकदाही वाजला नाही. मी 40,000 रोख दिले, 21,500 मोबाईलवरून पाठवले. जुने सुटे भाग मागितले तर म्हणाला, भंगारात गेले.

मे महिन्यातली दुपार. पलीकडून परत येताना इंजिन एकदम बोंबलायला लागलं, पण बोट काही पुढे सरकेना. पाठोपाठ जळक्या रबराचा वास आला आणि झाकणाच्या फटीतून धूर. दाजींनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. काठ तीन-चारशे मीटर लांब होता आणि वारा सुटला होता. 2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला जाणारी बोट याच बॅकवॉटरमध्ये वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तिकडच्या प्रत्येक घराला ते ठाऊक आहे. दाजी एक शब्द बोलले नाहीत, फक्त भाच्याच्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळत राहिले. पाऊण तासाने एका मच्छीमाराने दोर टाकून आम्हाला काठाला आणलं. पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत.

त्या रात्री मी मालवणला फोन लावला. बिल वाचून दाखवलं. तो माणूस क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "अरे, त्या इंजिनाला वॉटर पंप नसतोच."

मग त्याने समजावलं. या बोटीत रेडिएटर नाही, कूलंट नाही. मागचा जेट पंपच दाबाने थोडं पाणी एका नळीतून इंजिनाकडे पाठवतो, ते इंजिन गार करून बाहेर पडतं. (काही नव्या इंजिनांत कूलंटची बंद व्यवस्था असते, आमच्यात नाही.) आणि नळाचा पाइप जोडायचं तोंड असतं जेट पंप आणि इंजिनाच्या मधे. म्हणजे ट्रेलरवर इंजिन नळाच्या दाबावर गार राहतं आणि पंपाकडच्या बाजूला बोळा बसला असेल तर तो दिसतच नाही. नळावर गार आणि धरणात गरम, याचा अर्थ अडथळा पंपाकडे. गॅस्केट गेलेलं इंजिन नळावर दहा मिनिटं असं कोमट राहिलं नसतं. मला जो पुरावा म्हणून दाखवला, तोच त्याच्या बिलाविरुद्धचा पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर त्याच्या सांगण्यावरून आम्ही स्वतः बोट उघडली. आधी सेफ्टीची दोरी काढून घेतली, इंजिन चुकूनही चालू होऊ नये म्हणून. तळातल्या जाळीत हात घालण्याआधी हे केलंच पाहिजे, नाहीतर बोटं जातात. आत इम्पेलरच्या (जेट पंपातल्या पाणी ओढणाऱ्या चक्राच्या) दांड्याला जाळ्याचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, आवळून बसला होता, त्यात जलपर्णीची मुळं. म्हणून इंजिन बोंबलत होतं. मग पंपाकडची नळी काढली. तिच्या कोपऱ्यात वाळू घट्ट बसलेली आणि त्या वाळूत हरभऱ्याएवढा एक शंख. पाणी बंद व्हायला एवढं पुरेसं होतं.

आता हेड. मालवणच्या माणसाने मोबाईल बोल्टजवळ न्यायला सांगितला. बोट आधी समुद्रात चालायची, त्यामुळे बोल्टच्या डोक्यांभोवती मिठाची पांढरी पुटं होती. ती जशीच्या तशी. पाना लागला असता तर पहिल्या फिरकीलाच ती तुटली असती. हेड उघडलंच नव्हतं. दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) नंतर मोजलं, दोन्हींना सारखंच, 125 पीएसआय. गॅस्केट आधीही शाबूत होतं, आताही आहे.

सगळ्यात वाईट गोष्ट शेवटी सापडली. बझरची वायर. पक्कडीने कापून टोकाला काळी टेप गुंडाळून आत खोचलेली. पैसे खाल्ले ते एक वेळ सोसलं असतं. पण पाण्यात गेल्यावर इंजिन पुन्हा तापणार हे ठाऊक असताना त्याने आम्हाला कळायची सोयच कापून टाकली. धूर दिसेपर्यंत आम्हाला पत्ता नव्हता तो यामुळे.

खरी दुरुस्ती: पंपाकडची नळी आणि तिचा कोपरा साफ, 1,800. तापून वितळलेली एक्झॉस्टची रबरी नळी, 4,200.

अशी बोट कोणाकडे नेणार असाल तर नळावरच्या चाचणीवर पैसे देऊ नका. पाण्यात उतरवा, पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि कडेची धार बघा. त्याआधी बझर वाजवून दाखवायला सांगा. आणि तो माणूस नळ आधी सोडतो की इंजिन आधी चालू करतो, तेवढं पाहा. आमच्यासारख्या बोटीत आधी इंजिन, लगेच नळ; बंद करताना आधी नळ, मग इंजिन. उलट केलं तर पाणी एक्झॉस्टमधून सिलिंडरमध्ये शिरू शकतं. त्याने मला चाचणी दाखवताना नेमकं उलट केलं होतं.

मी गॅरेजवाल्याला फोन करून एकच विचारलं, वॉटर पंप कुठे बसवला तेवढं सांगा. त्याने फोन ठेवला, नंतर उचलला नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. अर्जाला त्या बिलाची प्रत, व्हिडिओ, कापलेल्या वायरीचा फोटो आणि 21,500 ची मोबाईलवरची नोंद जोडली आहे. रोख दिलेल्या 40,000 ची पावती माझ्याकडे नाही.