आवाज गेला, पैसेही गेले

गाडी डावीकडे वळवली की पुढून खर्रर्र असा आवाज यायचा. पत्र्याच्या डब्यात खडा घालून कोणी फिरवतंय, तसा. सरळ जाताना काही नाही, उजवीकडे वळतानाही नाही. दोनच दिवसांपूर्वी एका फार खराब, खडीच्या रस्त्यावरून गेले होते. गॅरेजवाल्याला मी तेही सांगितलं. त्याने मान डोलावली, गाडी घेऊन एक फेरी मारली आणि चाकाला हातही न लावता म्हणाला, "मॅडम, स्टेअरिंगचा रॅक गेलाय. वळणावर जाम झालं तर काय कराल?"

रॅक म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणारा भाग. त्या प्रश्नापुढे मी गारच पडले. बदला म्हटलं.

संध्याकाळी गाडी घेतली तेव्हा आवाज खरोखर गेला होता. संशय यावा कशाला? बिलावर 'स्टेअरिंग काम, नवीन रॅक' एवढंच हाताने लिहिलेलं. पार्टचा नंबर नाही, जुना पार्ट दाखवलेला नाही. मी पैसे दिले, वर आभार मानले. ओळखीच्या दोघांना त्याचं गॅरेज सुचवलंसुद्धा, याची आता जास्त लाज वाटते.

काही आठवड्यांनी टायरच्या कामासाठी दुसरीकडे गेले. गाडी लिफ्टवर होती म्हणून सहज म्हटलं, रॅक नुकताच बदललाय, अलाइनमेंटही, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का तेही, बघून घे. तो मुलगा टॉर्च घेऊन खाली गेला आणि बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "ताई, जरा इकडे या. हा रॅक बदललेला नाही."

त्याने बोट ठेवून दाखवलं. रॅक धरून ठेवणाऱ्या बोल्टांवर वाळक्या चिखलाचा जुना थर जसाच्या तसा. पाना लागला असता तर बोल्टच्या कडांवरची घाण निघून धातू दिसला असता. रॅक चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या नटांवर गंज, तोही न हललेला. रॅकच्या टोकावरचं रबरी आवरण, बूट, तेही जुनंच, बारीक भेगा पडलेलं. मग बॉनेट उघडून त्याने स्टेअरिंग ऑइलची टाकी दाखवली. माझ्या गाडीचं स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे. त्यात रॅक काढायचा तर ऑइल सांडतं, नंतर नवं भरून हवा काढावी लागते. टाकीतलं ऑइल मात्र काळपट, जुनं. हे तर मला घरीच दिसलं असतं, झाकण उघडण्याचेच काय ते कष्ट. शिवाय रॅक बदलल्यावर अलाइनमेंट करावंच लागतं. त्या गॅरेजवाल्याने त्याचा विषयही काढला नव्हता.

मग आवाज गेला कसा? मुलाने पुढचं उजवं चाक काढलं. ब्रेक डिस्कच्या, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीच्या, मागे धूळ-चिखल अडवणारा एक पातळ पत्रा असतो. त्याच्या काठाखाली स्क्रूड्रायव्हर घालून तो मागे ओढल्याची खूण होती, आणि डिस्कच्या आतल्या बाजूला, अगदी कडेला, गोल ओरखडा. खडीचा दगड लागून पत्रा वाकला असणार. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, कडेने जोर बसतो, डिस्क केसभर कलते आणि पत्र्याला घासते. पहिल्या गॅरेजवाल्याने तो पत्रा मागे वाकवला, काम पाच मिनिटांत संपलं आणि बिल रॅकचं फाडलं.

चीड येते ती याची, की रॅकचा दोष नाही हे त्याला पहिल्याच फेरीत कळलं असणार. गाडी उभी ठेवून, इंजिन चालू करून स्टेअरिंग दोन्हीकडे फिरवलं तर माझ्या गाडीत काहीच वाजत नव्हतं. डाव्या वळणावर चाकं फिरायला लागली की खरखर, वेग वाढला की तीही भरभर. चाक फिरतंय की थांबलंय याच्याशी रॅकला काही देणंघेणं नसतं. उभ्या गाडीत आवाज आला असता तर पॉवर स्टेअरिंगचा पंप, कमी झालेलं ऑइल, सस्पेन्शनचं वरचं माउंट, असल्या जागा बघायच्या. फक्त चालत्या गाडीत आला तर आधी चाक काढायला लावायचं. बेअरिंग गेलं असेल तर साधारणपणे सरळ रस्त्यावरही घुमल्यासारखा आवाज येतो, वळताना तो कमी-जास्त होतो. एक्सलचा जॉइंट आखूड वळणावर रेस दिली की टक-टक करतो. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावरच घासत असेल तर टायर आतल्या प्लास्टिकला लागतोय का ते बघा. आणि ब्रेकचे पॅड झिजून लोखंड डिस्कला लागलं तरी असंच करकरतं, तेव्हा 'पत्राच असेल' म्हणून गाडी तशीच पळवू नका.

मी बोल्टांचे आणि त्या खुणेचे फोटो काढले, बिल घेतलं आणि त्या पहिल्या गॅरेजवाल्याकडे गेले. आधी म्हणाला, जुना पार्ट भंगारात गेला. फोटो दाखवल्यावर म्हणाला, तुमचाच रॅक रिपेअर करून बसवला. न काढता? यावर थोडा वेळ गप्प. मग गल्ल्यातून निम्मे पैसे काढून काउंटरवर ठेवले आणि वर मलाच विचारतो, "पण मॅडम, आवाज बंद झाला ना?"

बाकीच्या निम्म्यासाठी ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कागद तयार करतेय. त्या दोघा ओळखीच्यांना मात्र त्याच संध्याकाळी फोन केला. एकाची गाडी त्याच्याकडेच उभी होती.