लॅमिनेटचे गणित हाताने करून घेणारा कोथरूडमधील वर्ग

भोसरीतील एका कारखान्यात मी लॅमिनेटची, म्हणजे रेझिनने (राळेने) एकमेकांना चिकटविलेल्या काचतंतूंच्या थरांची, आवरणे बनविण्याचे काम पाहतो. दोन वर्षांपूर्वी आमचे एक सपाट झाकण ओव्हनमधून काढून थंड होताच पिळवटले आणि सारी खेप बाद झाली. सॉफ्टवेअरमधील मॉडेल मात्र ते सपाटच दाखवीत होते, कारण थंड होताना थर आक्रसतात, हे मी त्यात घातलेच नव्हते. हे मला कोथरूडमध्ये शनिवार-रविवारी भरणाऱ्या सहा आठवड्यांच्या एका वर्गात बसल्यावर उमगले.

पहिले दोन आठवडे येथे संगणक उघडू देत नाहीत. कार्बन-इपॉक्सीच्या (इपॉक्सी रेझिनमध्ये बसविलेल्या कार्बन तंतूंच्या) एका थराची दृढता तंतूंच्या दिशेने साधारण 140 गिगापास्कल असते, आडव्या दिशेने जेमतेम 10; असे 0.125 मिलिमीटर जाडीचे थर निरनिराळ्या कोनांत रचल्यावर संपूर्ण लॅमिनेट कसे वागेल, हे वहीवर काढून घेतात. हे वागणे आकड्यांच्या तीन चौकटींत, म्हणजे मॅट्रिक्समध्ये, मांडतात: ए मॅट्रिक्स ताणण्याची, डी वाकण्याची आणि बी या दोहोंना जोडणारी. रचना मध्यपातळीच्या दोन्ही बाजूंना सममित असली की बी शून्य होते, म्हणजे नुसते ताणल्याने भाग वाकत नाही. पुस्तकात हे मी अनेकदा वाचले होते, पण बेरजा स्वतः केल्यावरच ते अंगवळणी पडले.

तिसऱ्या आठवड्यातील प्रात्यक्षिकासाठी मी या वर्गाला मनापासून दाद देतो. प्रीप्रेगचे (आधीच रेझिन भरलेल्या तंतूंच्या पट्ट्यांचे) चार थर 0, 0, 90, 90 अंश अशा क्रमाने रचून 150 मिलिमीटरचा चौरस आम्ही 180 अंश सेल्सिअसवर क्युअर केला, म्हणजे तापवून कडक केला. वहीतील गणिताप्रमाणे थंड झाल्यावर त्याला खोगिराचा आकार यायला हवा होता. हातात आला तो कौलासारखा, एकाच दिशेने वळलेला तुकडा. सरांनी त्याच्या कडा अंगठ्यांनी दाबल्या, तेव्हा टक् असा आवाज होऊन तो दुसऱ्या दिशेने वळला आणि तसाच राहिला. जाडीच्या कितीतरी पट वाकलेल्या पत्र्याला रेषीय (थोडेच वाकणे गृहीत धरणारा) सिद्धान्त पुरत नाही, हे संशोधक हायर यांनी 1981 मध्ये नेमक्या अशाच तुकड्यांवर दाखविले होते. त्यानंतर संगणकावर भौमितिक अरेषीयता (मोठे वाकणे हिशेबात घेणारा पर्याय) चालू करूनही उत्तर खोगिराचेच येत राहिले. मेशमध्ये, म्हणजे मॉडेलचे लहान तुकडे पाडणाऱ्या जाळीत, किंचितसा दोष मुद्दाम घातला, तेव्हा कुठे मॉडेल कौलाकडे वळले.

तुटण्याच्या निकषांचा भागही चांगला आहे. साई-वू यांचा 1971 चा निकष एकच आकडा देतो, तर हाशिन यांचा 1980 चा निकष तंतू तुटले की रेझिनला तडा गेला हे वेगळे सांगतो, आणि दुरुस्ती ठरविताना हा फरक फार मोलाचा ठरतो.

थर सुटण्याच्या विषयाला मात्र अर्धाच दिवस मिळतो, ही माझी खरी तक्रार आहे. मोकळ्या कडेजवळ थरांमध्ये निर्माण होणारे प्रतिबल साध्या शेल एलिमेंटला (सगळे थर मिळून एकच पातळ पत्रा मानणाऱ्या मॉडेलमधील घटकाला) दिसतच नाही. पाइप्स आणि पॅगानो या संशोधकांनी ते 1970 मध्येच गणिताने मांडले होते. बोल्टसाठी भोके पाडणाऱ्या आमच्यासारख्यांचे भाग बहुधा तेथूनच सुटतात. कोहेसिव्ह एलिमेंट (दोन थरांमधील जोड सुटणे दाखविणारा घटक) नुसते पडद्यावर दाखविण्याऐवजी आमच्याकडून एकदा तरी चालवून घ्यायला हवे होते. पदार्थाचे गुणधर्मही दोन चाचण्या वगळता हँडबुकमधूनच घेतले जातात.

प्रवेश घेणाऱ्यांनी मॅट्रिक्सची उजळणी करून जावे आणि स्वतःच्या एखाद्या भागाची थररचना सोबत न्यावी. शेवटच्या आठवड्यात सर तीच सोडवायला घेतात. आमच्या झाकणात +45 आणि −45 अंशांचे चार थर एकाआड एक होते. शेवटच्या दोघांची अदलाबदल करताच बी शून्य झाली आणि थंड होतानाचा पीळ मॉडेलमधून नाहीसा झाला. भाराखाली वाकताना थोडा पीळ तरीही राहील, कारण डी मधील वाकणे आणि पीळ यांना जोडणाऱ्या संज्ञा आता शून्य नाहीत, हेही त्यांनी त्याच वहीवर लिहून दाखविले.