शाशीच्या वाटेवरची चांदी

चीनच्या युनान प्रांतातल्या स्वस्त सहली आणि त्यांत माथी मारली जाणारी खरेदी यांविषयी सर्वांनीच ऐकलेले असते. तीच टाळावी म्हणून आम्ही दोघांनी गटसहल नाकारून तिथल्या दाली शहरात खासगी गाडी ठरवली आणि नेमके तिथेच फसलो. चहा-घोडा मार्ग या जुन्या व्यापारी वाटेवरचे शाशी हे जुने बाजारगाव आणि जवळच्या शिबाओशान डोंगरातली बौद्ध लेणी दाखवण्याचे चालकाने १,२८० युआन रोख घेतले, पावती दिली नाही. जो पावती देत नाही त्याच्या गाडीत बसू नये.

आजही अंगाचा तिळपापड होतो तो नकाशावरचा निळा ठिपका आठवून. शाशी ज्येनच्वान तालुक्यात, पश्चिमेला. आमचा ठिपका मात्र पूर्वेकडच्या हचिंगच्या खोऱ्यात शिरत होता आणि मी तो सरकताना बघत होतो. चीनमध्ये गूगलच्या नकाशावर ठिपका जागचा हललेला दिसतो, हे निघण्यापूर्वी वाचलेले असल्यामुळे माझी समजूत पटली; पण ती तफावत काहीशे मीटरची असते, मधली डोंगररांग ओलांडण्याइतकी नसते. काहीच ठाऊक नसलेल्या माणसाने चालकाला हटकले असते. तिथे गाओद या चिनी ॲपचा नकाशा वापरावा.

‘वाटेत चहा घेऊ’ म्हणून गाडी थांबली ती चांदीच्या एका अवाढव्य दुकानासमोर. दारातच छातीवर आकड्याची चिकटपट्टी लावण्यात आली. गिऱ्हाईक कोणत्या चालकाने आणले हे दलालीच्या हिशेबासाठी कळावे, एवढाच तिचा उपयोग. हचिंगच्या ‘बाई’ नावाच्या वांशिक समाजातील कारागिरांचे चांदीकाम खरोखरच नावाजलेले आहे, त्यामुळे तळाशी ९९९ चा, म्हणजे शुद्ध चांदीचा, ठसा असलेला ३८० ग्रॅमचा चहाचा संच १२ युआन ग्रॅमने घेण्यात कोणालाही वावगे वाटले नसते. ४,५६० युआन झाले. अलीपे या चिनी पेमेंट ॲपला जोडलेल्या परदेशी कार्डावर व्यवहार २०० युआनच्या पुढे गेला की पूर्ण रकमेवर ३ टक्के आकार पडतो, ते १३६.८० युआन निराळे. पुण्यातल्या सराफाने संच पाहून सांगितले की वर मुलामा आहे आणि आत तांबे. एकूण ५,९७६.८० युआन, म्हणजे सत्तर हजार रुपयांच्या वर, पाण्यात गेले. शाशीला पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. सिदंग चौकातला जुना रंगमंच दिव्यांत पाहिला, लेणी बंद झाली होती.

२०१३ पासून लागू असलेल्या चिनी पर्यटन कायद्याचे ३५ वे कलम अशा खरेदीला मनाई करते आणि सहल संपल्यापासून ३० दिवसांत माल परत करण्याचा हक्क देते. मी मुदतीतच १२३४५ या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवली. पर्यटनवाले म्हणाले की हे कलम सहल कंपनीला लागू होते आणि चालक तर कंपनीचा नाही. म्हणजे परवाना नसणे हीच त्याची ढाल! बाजार नियंत्रणवाल्यांनी दुकानाचे बिल मागितले, जे चिनीत होते आणि ज्यावर ‘हस्तकला वस्तू’ एवढेच लिहिलेले निघाले. (बिलावर धातू आणि शुद्धता लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.) पोलिसांच्या मते हा ग्राहकाचा वाद होता. इथल्या बँकेने, व्यवहार तुम्हीच मंजूर केला होता, असे एका ओळीत कळवले.

शाशीला जरूर जावे, शुक्रवारी तिथे बाजार भरतो. मात्र ज्येनच्वान गावातून सुटणाऱ्या छोट्या सार्वजनिक गाडीने जावे. माझी तक्रार ‘मार्गदर्शन करून निकाली काढली’ असा संदेश अलीकडेच आला असून, त्याच संदेशात चालकाचे पूर्ण नाव मी कळवावे, अशी विनंतीही आहे.